मिताहाराचा जमाखर्च

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा हंगाम फसला, की त्याची झळ शेताच्या बांधावर थांबत नाही. वणी, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा येथील कापड व किराणा दुकानांची उधारी अडकते आणि व्यापारी कुटुंबालाही हात आखडता घ्यावा लागतो. पहिली कात्री बहुधा स्वयंपाकघराला लागते, तीही चुकीच्या जागी. दूध, डाळ आणि फळे कमी होतात. फरसाण, बिस्किटे आणि तळण मात्र तसेच राहते.

वस्तुतः काटकसरीचा आहार जैन घराला नवा नाही. सहा बाह्य तपांपैकी अनशन, ऊनोदरी, वृत्तिसंक्षेप आणि रसपरित्याग ही चार थेट आहाराशी निगडित आहेत. चैत्र आणि आश्विनातील आयंबिलच्या ओळीत तेल, तूप, दूध, साखरेविना केवळ धान्य-कडधान्यावर नऊ दिवस काढले जातात. साध्या धान्यावर माणूस समाधानाने राहू शकतो, याचा हा वर्षातून दोनदा येणारा अनुभव होय.

ताटाचा हिशेब

५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे २० ग्रॅम, ६० ग्रॅम तूर वा मूगडाळीतून १३ ग्रॅम, ३०० मिलिलिटर दूध-दह्यातून १० ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यातून ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ४८ होते. यात महागडी पावडर नाही, परगावचा पदार्थ नाही; ज्वारी आणि तूर तर याच मातीतील. शिवाय धान्यात जे प्रथिनघटक उणे असतात, ते डाळ भरून काढते. म्हणून वरण-भाकरीची जोडी केवळ सवयीची नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. विदर्भातील आजींना त्याची वाट पाहावी लागली नव्हती.

तूर बाजारात येते तेव्हाच वर्षाची डाळ भरणे, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. पीठ मात्र ऋतूच्या मर्यादेप्रमाणे थोडे थोडेच दळावे. धर्मही पाळला जातो आणि नासाडीही टळते. जवस व तिळाची चटणी हिंग-जिऱ्यावर करावी. थोड्या खर्चात जवसातून उपयुक्त स्निग्धांश आणि तिळातून भरपूर कॅल्शियम मिळते.

नियम आणि पोषण

चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य, तिथीला हिरवे वर्ज्य; त्या दिवसांत लोहाची भिस्त कडधान्यांवर असते. इतर दिवशी वरणावर लिंबू पिळल्यास ते लोह अंगी अधिक लागते; जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. दही-कडधान्याचे द्विदळ टाळणाऱ्या घरांत ताक आधी तापवून कढी करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुधात कपात करू नये. जीवनसत्त्व बी-१२ डाळीत नाही, भाजीतही नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. हातपायांना मुंग्या येत असतील वा सतत थकवा असेल, तर रक्त तपासून घेणे हितावह.

शेवटचे ताट

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पैसेवाल्या घरांतही तो आढळतो. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो. दुकानातून आलेल्यांना चौविहारापूर्वी वाढता वाढता दिवस संपतो आणि वाढणारी सून अर्धपोटी उठते. तंगीच्या वर्षी दुधाचा पेलाही प्रथम तिचाच कमी होतो.

याला ऊनोदरी म्हणता येणार नाही. तपाला पच्चक्खाण लागते आणि ते स्वेच्छेने घ्यावे लागते. घराने तिच्या वाट्याला आणलेली उपासमार पुण्याच्या खात्यात जमा होत नाही. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास आधी पाने मांडून सर्वांनी एकत्र जेवावे, याला एक पैसाही लागत नाही. आणि घराच्या आरोग्याचा जमाखर्च मांडताना पहिली नोंद हीच असावी.