'भूकंपरोधक' फ्लॅटची जाहिरात

पुण्यातल्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्लबहाऊस, जिमच्या यादीतच 'भूकंपरोधक आरसीसी बांधकाम' दिमाखात छापलेलं असतं. माझ्या मते ही सुविधा नव्हेच. भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे झोन पाडणाऱ्या आयएस १८९३ या भारतीय मानकानुसार, पुणे ज्या झोनमध्ये येतं तो धरून डिझाइन करणं भागच आहे. उद्या 'जिन्याला पायऱ्या आहेत' असंही छापतील! बरं, झोनवर विसंबूनही चालत नाही: ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होतं.

कुणी म्हणेल, खरं तेच लिहिलंय, बिघडलं काय? बिघडतं हे, की तो शब्द वाचून गिऱ्हाईक पुढचं विचारतच नाही. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत खाली नुसते खांब आणि पार्किंग असलेल्या कित्येक इमारती कोसळल्या. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचा मात्र लेचापेचा. पुण्यातल्या असंख्य सोसायट्यांची रचना हीच. तेव्हा पार्किंगच्या कॉलमचा वेगळा विचार केलाय का, कॉलममधल्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वाकवलीत का (९० अंशांची हादऱ्यात उघडतात), हे विचारा. आणि ब्रोशर जपून ठेवा. खोट्या जाहिरातीमुळे नुकसान झालं तर रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते.