इंजिन बसलं, पण गाडी ओळख देईना

एसटीच्या आगारात इंजिन बदलणं ही बातमी नसते. थकलेलं इंजिन उतरवायचं, दुरुस्त होऊन आलेलं दुसरं चढवायचं आणि गाडी मार्गावर सोडायची. उतरवलेलं इंजिन मग सवडीने उघडायचं, बोअर करून, नवे पिस्टन घालून पुढच्या बससाठी तयार ठेवायचं. महाराष्ट्रात हे चालतं तसंच तमिळनाडूतही. बसने रोज कमवायचं असतं, इंजिनाच्या दुखण्यापायी ती आगारात पडून राहिलेली कुणालाच परवडत नाही.

कुंभकोणम हे या धंद्यातलं जुनं गाव. आपल्याला ते माहीत असतं देवळांमुळे, फार तर सर टी. माधवरावांमुळे. तंजावरकडच्या मराठी कुटुंबातला हा माणूस १८२८ साली इथे जन्मला आणि पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचा दिवाण झाला. पण कावेरी आणि अरसलार यांच्या मधल्या या गावात मोटारधंदाही चांगलाच मुरलेला आहे. रामन अँड रामन ही इथली खासगी बस कंपनी. परवान्यांवरून तिचा जो तंटा झाला त्याचा निकाल १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९७२ साली तिचं राष्ट्रीयीकरण होऊन चोळन रोडवेज उभं राहिलं आणि १९९७ मध्ये त्याचं नाव तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ, कुंभकोणम असं झालं. तिरुची, करूर, पुदुकोट्टई, नागपट्टिनमपर्यंतच्या बसचा कारभार आज या गावातून चालतो.

या बस बहुतेक अशोक लेलँडच्या. जुन्या लेलँडचं इंजिन बदलताना विजेचं काम हातावर मोजण्याइतकं असे: सेल्फची जाड केबल, अल्टरनेटरच्या तारा, ऑइल प्रेशरची एक, पाण्याच्या तापमानाची एक, झालंच तर इंजिन बंद करायच्या सोलेनॉइडची. डिझेल पंप पूर्ण यांत्रिक. इंजिनाला हवा आणि नेमक्या वेळी डिझेल मिळालं की ते चालू. ते कुठल्या बसमध्ये बसलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसे. लेलँडने हा साधेपणा सोडायला बराच वेळ घेतला. २०१७ मध्ये प्रदूषणाचं बीएस-४ मानक देशभर लागू झालं तेव्हा बाकीचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या कॉमन रेलकडे वळले होते, लेलँडने मात्र इनलाइन पंप कायम ठेवून त्याला नियंत्रित ईजीआरची, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवण्याची, जोड दिली आणि नियम पाळून दाखवला. मेकॅनिक मंडळींना त्याचा आनंदच झाला असणार.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि ती सोय संपली. मधला बीएस-५ सरकारने २०१६ मध्येच गाळायचं ठरवलं होतं, त्यामुळे देशातल्या मेकॅनिकला एकदम दोन पायऱ्यांची उडी मारावी लागली. आता डिझेल इंजिनाभोवती क्रँक, कॅम, रेल प्रेशर, हवेचा दाब, पाण्याचं तापमान, धुराच्या नळीवर दोन-तीन ठिकाणचं तापमान, नायट्रोजन ऑक्साइड, युरियाच्या टाकीची पातळी, अशा सेन्सरांचा गोतावळा असतो. प्रत्येकाची तार ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, जाते आणि ईसीएम डॅशबोर्डशी, एबीएसशी, बॉडीच्या कंट्रोलरशी सतत बोलत असतो. हे बोलणं ज्या दोन पिळलेल्या तारांवर चालतं ती पद्धत, कॅन, बॉशने १९८६ मध्ये मांडली. इंजिन बदलणं म्हणजे या संभाषणातला सगळ्यात मोठा माणूस उठवून त्याच्या जागी दुसरा बसवणं.

आगाराचं त्यातल्या त्यात बरं असतं. एकाच मॉडेलचं इंजिन त्याच मॉडेलच्या बसमध्ये जातं. खरी कसरत खासगी गॅरेजात. गिऱ्हाइकाच्या कारचं इंजिन गेलेलं असतं, नव्याची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर असते. मग चेन्नईच्या पुदुपेट्टईतून, मुंबई असेल तर कुर्ल्याच्या बाजारातून, भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन येतं. इंजिन ठणठणीत असतं, पण वायरिंग कटरने कापून काढलेलं. शिवाय एकच लोखंड अनेक गाड्यांत असतं. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट पाहा. आपल्या रांजणगावच्या कारखान्यात ते तयार होई, आणि स्विफ्ट, डिझायर, पुंतो, लिनिया, इंडिका व्हिस्टा अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसे. ब्लॉक पाहून मेकॅनिक म्हणतो, तेच आहे. ईसीएमला मात्र ते तेच वाटत नाही.

इंजिन बसतं, किल्ली फिरते आणि चेक लाईट लागतो. स्कॅनर जोडला की दहा-पंधरा फॉल्ट कोड ओळीने उभे राहतात. इथेच माझं मत नोंदवतो: गॅरेजात ऐकू येणारं सगळ्यात महागडं वाक्य म्हणजे ‘ईसीएम गेला’. इंजिन बदलण्याआधी जो ईसीएम ठीक चालत होता तो इंजिन उतरवल्याने मरत नाही. काल आणि आज यांच्यात हात लागला तो तारांना, कपलरना आणि अर्थला. शोध तिथून सुरू व्हायला हवा.

अर्थपासूनच सुरू करू. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चॅसिसपासून तुटलेलं असतं. दोघांना जोडते ती एक वेणीदार तांब्याची पट्टी. सेल्फ कारमध्येसुद्धा शंभर-दीडशे अँपियर सहज ओढतो आणि तो सगळा प्रवाह परत जातो याच पट्टीने. घाईत ती लावायची राहते, किंवा ताज्या रंगावरच आवळली जाते. मग प्रवाह मिळेल ती वाट धरतो: गिअरची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, सेन्सरच्या बारीक अर्थ-तारा. केबल तापलेली लागली की जाणकार माणूस स्कॅनर बाजूला ठेवतो. तपासणी अगदी सोपी आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सहकाऱ्याने सेल्फ मारायचा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर उत्तम, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी काढा, घासा, पुन्हा आवळा. ओहम मोजून हे कळत नाही. वेणीतले चार तंतू शाबूत असले तरी ओहममीटर शून्य दाखवतो, आणि दीडशे अँपियर आले की तेच चार तंतू हात टेकतात. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, हवा ओलसर. जुन्या कपलरच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढलेला नसेल तर नवल.

दुसरी जागा म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, आणि ही मला सगळ्यात बोलकी वाटते. मे महिन्यात कुंभकोणमला पारा चाळिशीकडे सरकलेला असतो आणि स्कॅनर सांगतो, इंजिनाचं पाणी उणे ४० अंश. कोड पी ०११८, म्हणजे सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. नवखा ‘जास्त’ वाचून थर्मोस्टॅट उघडायला घेतो. पण हा सेन्सर थंडीत जास्त रोध दाखवतो, विशीच्या आसपास साधारण अडीच हजार ओहम, आणि इंजिन तापलं की दोन-तीनशे. तार तुटली तर रोध अमर्याद होतो, ईसीएमने दिलेले ५ व्होल्ट जसेच्या तसे राहतात आणि त्याला वाटतं, भयंकर थंडी आहे. तो इंधन वाढवतो, धूर काळा होतो, आणि बऱ्याच गाड्यांत पंखाही खबरदारी म्हणून सतत फिरत राहतो. कपलर काढून त्याच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या आणि स्कॅनरवरचा आकडा उणे ४० वरून एकदम सव्वाशे-दीडशेकडे उडाला, तर ईसीएम आणि तिथवरची तार दोन्ही निर्दोष, गडबड सेन्सरमध्ये. नव्या इंजिनावर कधी कधी एका तारेचा, नुसता डॅशबोर्डच्या काट्यासाठीचा सेन्सर असतो. तो काढून जुन्या इंजिनाचा दोन तारांचा लावायचा, काम संपलं.

पाच व्होल्टचं प्रकरण इथेच संपत नाही. ॲक्सिलरेटर पेडल, हवेचा दाब, रेल प्रेशर, असे बरेच सेन्सर ईसीएमकडून तेच ५ व्होल्ट घेतात, पुष्कळदा एकाच शाखेवरून. इंजिन खाली सोडताना एक तार ब्रॅकेटखाली चेपली गेली की ती शाखाच बसते आणि पाच सेन्सर एकाच वेळी ओरडायला लागतात. पाच सेन्सर एका दिवसात मरत नाहीत. अशा वेळी मीटर त्या ५ व्होल्टवर लावून एकेक कपलर काढत जायचं. ज्याला हात लावताच ५ व्होल्ट परत येतात तो सेन्सर नाही तर त्याची तार गुन्हेगार. सगळे काढूनही येत नसतील तर वायरिंग उघडा.

सेल्फ फिरतो, डिझेल आहे, पण इंजिन धरत नाही. ही तक्रार क्रँकवरच्या दातेरी चाकाकडे नेते. काही इंजिनांत ६० दात, त्यातले २ गाळलेले. काहींत ३६, १ गाळलेला. दात कुठे गाळलाय त्यावरून ईसीएम पिस्टनची जागा ओळखतो. एकाच घराण्यातल्या, पण वेगळ्या सालच्या इंजिनांत हे चाक वेगळं असू शकतं. शिवाय दोन तारांच्या चुंबकी सेन्सरच्या तारा उलटसुलट जोडल्या की सिग्नल उलटा होतो आणि गाडी कधी चालू होते, कधी अजिबात होत नाही. हे मीटरवर धड दिसत नाही, ऑसिलोस्कोप लागतो. लहान गावातल्या गॅरेजात तो क्वचितच असतो, आणि या एका यंत्रावर गॅरेजवाल्याने पैसे घालावेत असं मला ठामपणे वाटतं.

कॅनची तपासणी मात्र कुणीही करू शकतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ क्रमांकाच्या पिना कॅनच्या. बॅटरी सोडवून त्यांच्यामध्ये ओहम मोजायचे. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर असतात, म्हणून ६० आले पाहिजेत. १२० आले तर एक टोक सुटलंय; इंजिनाच्या वायरिंगसोबत त्यातला एक रोधकही पुदुपेट्टईलाच राहिला असण्याची शक्यता मोठी. मग यू ०१००, म्हणजे ईसीएमशी संपर्क नाही, असा कोड येतो आणि पुन्हा बिचाऱ्या ईसीएमवर आळ. काही गाड्यांत सॉकेट आणि इंजिनाच्या मध्ये गेटवे असतो, तिथे हा हिशेब सॉकेटवर जुळत नाही. वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

इमोबिलायझरचं दुखणं वेगळ्याच जातीचं. गाडी सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते, पुन्हा पुन्हा तसंच. किल्लीतली चिप, किल्लीभोवतीचं कडं आणि ईसीएम यांच्यात खुणेचा शब्द ठरलेला असतो. दाता गाडीचा, म्हणजे जिचं इंजिन आणलं तिचा, ईसीएम आणला की तो या किल्लीला ओळखत नाही. मार्ग दोनच: आपल्या गाडीचाच ईसीएम ठेवून नव्या इंजिनाचे सेन्सर त्याला जुळवून घ्यायचे, नाही तर दात्याचा ईसीएम, किल्ली आणि कडं असा संच आणायचा. पहिला मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा. कॉमन रेलमध्ये त्यात एक उपकलम आहे. प्रत्येक इंजेक्टरवर अक्षरं आणि अंकांचा एक कोड कोरलेला असतो. कारखान्यात मोजलेला त्याचा स्वभाव. तो ईसीएममध्ये लिहावा लागतो. नव्या इंजिनासोबत नवे इंजेक्टर आले आणि ईसीएममध्ये जुनेच आकडे राहिले तर इंजिन चालतं, पण खडखडतं, हलतं-डुलतं आणि धूर सोडतं. इंजिन बसवण्याआधी इंजेक्टरचे फोटो काढून ठेवले तर निम्मा त्रास वाचतो. बसल्यावर ते वाचायचे म्हणजे आरसा आणि टॉर्च घेऊन बसा.

हा कोड लिहायला मात्र कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते सगळ्यांना मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्याचं कारण हेच होतं: सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली नव्हती. कंपन्या अपिलात गेल्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही उघडलं. तरी छोट्या गॅरेजवाल्याच्या हातात अजून बहुधा नकली स्कॅनरच असतो. कोड वाचायला तो पुरतो. ईसीएममध्ये काही लिहायची वेळ आली की तो कधी कधी निम्म्यावर थांबतो, आणि तेव्हा ईसीएम खरोखरच जातो.

शेवटी कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे पुन्हा कडकपणे सांगितलं. म्हणून कुंभकोणमची टीएन-६८ असो की पुण्याची एमएच-१२, इंजिनाचा नवा क्रमांक आरसी बुकात चढवूनच घ्यावा लागतो. आरटीओतला माणूस ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक पाहतो. पण स्कॅनरने ओबीडीची, म्हणजे गाडीतल्या स्वयंतपासणी यंत्रणेची, नववी सेवा विचारली की ईसीएम स्वतःच्या स्मृतीतला चॅसिस क्रमांक सांगतो, आणि दात्याचा ईसीएम बसवलेला असेल तर तो भंगारात गेलेल्या गाडीचाच सांगत राहतो. आरसी बुकात इंजिनाला रकाना आहे, चॅसिसला आहे, ईसीएमला अजून नाही.