पन्नासची लेन्स पंचाहत्तरची होते का? फुल फ्रेम लेन्स आणि क्रॉप सेन्सर कॅमेरा



स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की कॅमेऱ्याचे प्रश्न सुरू होतात. शाळेत किंवा एखाद्या पालकाकडे साधा डीएसएलआर असतो, सोबत आलेली १८-५५ ची लेन्स असते. हॉलमध्ये उजेड कमी, फोटो हललेले येतात. मग कोणीतरी सल्ला देतं, "फुल फ्रेमची चांगली लेन्स घ्या, याच कॅमेऱ्याला बसते." बसते हे खरं आहे. पण ती आपल्या कॅमेऱ्यावर नेमकं काय दाखवणार, हे पैसे देण्याआधी कळायला हवं. अशी लेन्स कधीकधी कॅमेऱ्यापेक्षा महाग असते, आणि शाळेचा निधी म्हणजे गावाचा पैसा.

फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर. हे माप फिल्मच्या काळातलं. जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाच्या फिल्मची १८ × २४ ची चौकट दुप्पट करून छोटा कॅमेरा बनवला. तो १९२५ मध्ये लायका नावाने बाजारात आला आणि पुढे हेच माप जगभर रुळलं. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणं फार खर्चिक होतं, म्हणून कंपन्यांनी लहान सेन्सर घातले. निकॉनचा सुमारे २३.५ × १५.६, कॅननचा सुमारे २२.३ × १४.९ मिलिमीटर. हेच क्रॉप सेन्सर. ३६ ला २३.५ ने भागा, साधारण १.५ येतं. कॅननचं १.६ येतं. हाच तो क्रॉप फॅक्टर. (मुलांना विचारण्यासारखं: लांबी दीडपट, रुंदी दीडपट, मग क्षेत्रफळ किती पट? बहुतेक जण दीडपटच म्हणतात. सव्वादोन पट येतं.)

आता मुख्य गोंधळाकडे येऊ. "क्रॉप कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ७५ ची होते" असं सर्रास सांगतात. लेन्स काही बदलत नाही. दहावीच्या विज्ञानात आपण ज्याला नाभीय अंतर म्हणतो तेच हे ५० मिलिमीटर. ते काचेच्या घडणीवर ठरतं, मागे कुठला सेन्सर आहे हे काचेला माहीतच नसतं.

वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येतं. एक भिंग घ्या. खिडकी सोडून बाकी वर्ग थोडा अंधारा करा आणि खिडकीसमोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा पाडा. पुठ्ठ्यावर पेन्सिलने १२ × ८ सेंटिमीटरची चौकट आखा आणि तिच्या बरोबर मध्ये ८ × ५.३ ची दुसरी. झाड तेवढंच आहे, भिंग तेच आहे. फक्त लहान चौकटीत झाडाच्या कडेचा भाग मावत नाही. आता दोन्ही चौकटींतली चित्रं सारख्या आकाराच्या कागदावर छापली असं समजा. लहान चौकटीतलं चित्र जास्त ताणावं लागेल, म्हणून झाड मोठं, जवळ आल्यासारखं दिसेल. "७५ ची होते" याचा अर्थ एवढाच: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ७५ ची लेन्स लावून जेवढं दिसलं असतं, तेवढंच इथे ५० च्या लेन्समधून दिसतं.

याच्या पुढचा गैरसमज जास्त महागात पडतो. बऱ्याच जणांना वाटतं की हा दीडचा गुणाकार फक्त फुल फ्रेम लेन्सला लागतो, क्रॉपसाठीच बनवलेल्या लेन्सवर आकडे आधीच 'दुरुस्त' करून छापलेले असतात. तसं नाही. दोन्हींवर खरं नाभीय अंतरच छापलेलं असतं. तुमच्या १८-५५ ची रिंग ५० वर आणली काय आणि फुल फ्रेमची ५० ची लेन्स लावली काय, त्याच कॅमेऱ्यावर चौकट जवळजवळ सारखीच दिसते. फरक असा की क्रॉपसाठीची लेन्स लहान वर्तुळाएवढीच प्रतिमा पाडते, फुल फ्रेमची लेन्स मोठं वर्तुळ पाडते आणि आपला सेन्सर त्याचा मधलाच भाग वापरतो. याचा एक फायदाही आहे. बऱ्याच लेन्स कडेला थोड्या धूसर किंवा काळपट असतात, तो भाग आपोआप कापला जातो.

किती रुंद दिसेल हे साध्या समप्रमाणाने निघतं. सेन्सरची रुंदी भागिले नाभीय अंतर, गुणिले आपलं अंतर. निकॉनचा क्रॉप कॅमेरा, ५० ची लेन्स, समोरचा बाक १० फुटांवर: २३.५ ÷ ५० × १० = ४.७ फूट. म्हणजे एका बाकावरची दोन-तीन मुलं. फुल फ्रेमवर हेच ७.२ फूट आलं असतं. १८ वर रिंग ठेवली तर १३ फूट येतात. स्टेज १८ फूट रुंद असेल तर ५० ने पूर्ण स्टेज घ्यायला साधारण ३८ फूट मागे जावं लागेल. आपल्या कित्येक हॉलमध्ये तिथे भिंत असते!

म्हणून फुल फ्रेमची नावाजलेली २४-७० ची झूम वर्गासाठी घ्यावी असं मला वाटत नाही. ती फुल फ्रेमवर सर्वगुणी असते. आपल्या कॅमेऱ्यावर तिची सुरुवातच ३६ सारखी होते, १० फुटांवरून पावणेदहा फूट दिसतात. वर वजन आणि किंमत. उलट ७०-२०० मैदानावर मजा आणते. कबड्डी, धावण्याच्या शर्यती, जिथे जवळ जाता येत नाही तिथे ती १०५-३०० सारखी वागते.

उजेडाचं काय? एफ १.८ हे उजेडापुरतं एफ १.८ च राहतं, त्याला दीडने गुणायचं नाही. १८-५५ ची लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ एवढीच उघडते. एफ १.८ तिच्यापेक्षा साडेनऊ पटीच्या आसपास उजेड आत घेते. जिथे शटर १/१५ सेकंदावर अडकत होतं, तिथे १/१२५ मिळतं आणि नाचणारी मुलं पुसट यायचं बरंच कमी होतं. पण हा फायदा मोठ्या छिद्राचा आहे, 'फुल फ्रेम' या नावाचा नाही. निकॉनची क्रॉपसाठीची ३५ मिलिमीटर एफ १.८ हेच काम करते आणि १० फुटांवरून पावणेसात फूट दाखवते. वर्गासाठी मी तीच सुचवेन. हात हलण्याच्या बाबतीत मात्र गुणाकार धरावा: ५० ला १/५० ऐवजी १/८० तरी ठेवा.

बसतं काय आणि चालतं काय, हेही बघून घ्या. कॅननच्या इएफ लेन्सवर लाल ठिपका असतो, क्रॉपच्या इएफ-एस लेन्सवर पांढरा चौकोन. आजच्या क्रॉप डीएसएलआरवर दोन्ही खुणा असतात, त्यामुळे दोन्ही बसतात. इएफ-एस मात्र फुल फ्रेम डीएसएलआरला बसत नाही. निकॉनचा धोका वेगळा आहे. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. जुनी ५० एफ १.८ डी लेन्स स्वस्तात मिळते, बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानेच करावा लागतो. पळत्या मुलांसाठी ते जमणं कठीण. 'एएफ-एस' लिहिलेली जी लेन्स घ्या. आणि मिररलेससाठीच्या आरएफ किंवा झेड लेन्स डीएसएलआरला बसतच नाहीत, अॅडॉप्टर फक्त उलट दिशेने चालतो.

"पुढे फुल फ्रेम घेणार आहोत, म्हणून आत्ताच तशी लेन्स घेऊ" हा विचार ५० किंवा ७०-२०० बाबत ठीक आहे. पण नक्की घेणार असाल तरच.

५० ची लेन्स घ्यायची का, हे ठरवायला एक पैसाही लागत नाही. १८-५५ ची रिंग ५० वर आणा, फिरू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावा आणि दोन दिवस परिपाठ, वर्ग, हॉल सगळीकडे तसेच फोटो काढा. मग पट्टी काढून ३५ वर लावा. फोटो अंधारे आणि हललेले येतील, तिकडे लक्ष देऊ नका. कोण चौकटीत मावलं आणि कोण बाहेर राहिलं, तेवढंच बघा.