दूध कोणाचे, संघ कोणाचा?

पेडणे-डिचोलीचा दूधउत्पादक भल्या पहाटे कॅन घेऊन गावच्या सोसायटीवर उभा राहतो. दुधातील फॅट मोजून दर ठरतो. मोजणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. कुर्टी-फोंड्याची गोवा डेअरी सहकारी, म्हणजे कागदोपत्री त्याच्याच मालकीची! १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पोलसनच्या मक्तेदारीविरुद्ध स्वतःचा संघ उभारला, तो धनी होण्यासाठी. येथे धनीच याचक झाला आहे. पेंड महागते, सरकारी अनुदान महिनोन्महिने रखडते. अशा वेळी चार पैसे अधिक मिळतात म्हणून तो सुरतच्या सुमुलकडे वळला, तर त्याला फितूर म्हणावे काय? आमच्या मते मुळीच नाही. सभेत हिशेब मागणाऱ्या सभासदाला विरोधक ठरवणारे संचालकच त्याला तिकडे ढकलतात. निदान फॅटच्या नोंदी आणि थकलेल्या अनुदानाची यादी प्रत्येक सोसायटीने दर महिन्याला फलकावर लावावी.