परिवेश चल, वेब सर्व्हरमधील
परिवेश चल, वेब सर्व्हरमधील : वेब सर्व्हर एखादी बाह्य आज्ञावली चालवितो तेव्हा आलेल्या मागणीविषयीची माहिती तो तिला नाव व मूल्य अशा जोड्यांच्या रूपाने पुरवितो. या जोड्यांना परिवेश चल म्हणतात. परिचालन प्रणालीतील ही सोय जुनी असून १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आढळते. तिचा वेबसाठी उपयोग करणारा ‘कॉमन गेटवे इंटरफेस’ (सीजीआय) हा संकेत १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या नॅशनल सेंटर फॉर सुपरकॉम्प्युटिंग ॲप्लिकेशन्स या संस्थेत तयार झाला. २००४ मध्ये आरएफसी ३८७५ या दस्तऐवजात त्याची १.१ ही आवृत्ती नोंदली गेली.

मागणी आल्यावर सर्व्हर नवी प्रक्रिया सुरू करतो व तत्पूर्वी चलांची यादी सिद्ध करतो. मागणीची पद्धत ‘रिक्वेस्ट_मेथड’ या चलात, पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढील मजकूर ‘क्वेरी_स्ट्रिंग’मध्ये व मागणी करणाऱ्या संगणकाचा अंकीय पत्ता ‘रिमोट_ॲडर’मध्ये ठेवतात. अर्जात भरलेला मजकूर मात्र सर्वसाधारणपणे प्रमाण आदानमार्गे येतो. त्यातील किती बाइट वाचावयाचे ते ‘कंटेंट_लेंग्थ’ सांगतो.

ब्राउझरने पाठविलेल्या इतर शीर्षओळींची नावे मोठ्या लिपीत लिहून, संयोगरेषेच्या जागी अधोरेषा घालून त्यांना ‘एचटीटीपी_’ हा उपसर्ग जोडतात. उदा., ‘यूझर-एजंट’चे ‘एचटीटीपी_यूझर_एजंट’ होते. या उपसर्गामुळे परक्याने ‘पाथ’ नावाची शीर्षओळ पाठविली, तरी आज्ञावलींचे स्थान दर्शविणारा मूळ ‘पाथ’ चल अबाधित राहतो. पासवर्ड वाहून नेणारी ‘ऑथोरायझेशन’ ही शीर्षओळ सर्व्हरने सहसा पुढे देऊ नये, असा संकेत आहे.

चलांची यादी सर्व्हर तयार करीत असला, तरी तीतील बराच मजकूर अनोळखी व्यक्तीकडून आलेला असतो. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने दोन गंभीर दोष निर्माण झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये उघड झालेला ‘शेलशॉक’ हा दोष मूल्यासंबंधी होता : चलाच्या मूल्यात फलनाची व्याख्या आढळल्यास बॅश हा आदेश-अर्थक तीपुढे लिहिलेले आदेशही अंमलात आणीत असे. त्यामुळे केवळ एक शीर्षओळ पाठवून दूरच्या सर्व्हरवर आदेश चालविता येत. पुढे बॅशने अशा व्याख्या विशिष्ट खूण असलेल्या नावांच्या चलांपुरत्या मर्यादित केल्या. जुलै २०१६ मध्ये जाहीर झालेला ‘एचटीटीपॉक्सी’ हा दोष नावासंबंधी होता. ‘प्रॉक्सी’ या शीर्षओळीपासून ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ हे नाव बनते. परंतु मध्यस्थ सर्व्हरचा पत्ता सांगण्यासाठी अनेक आज्ञावली हेच नाव पूर्वीपासून वापरीत होत्या. परिणामी त्यांच्या बाहेर जाणाऱ्या मागण्या परक्याला आपल्याकडे वळविता येत. ही शीर्षओळ सर्व्हरनेच गाळणे, हा यावरील उपाय होय.

म्हणून यादी सिद्ध करताना आवश्यक तेवढेच चल पुढे देणे श्रेयस्कर ठरते. अपाची सर्व्हरसोबतची ‘सूएक्झेक’ ही साहाय्यक आज्ञावली निश्चित यादीतील व ठराविक उपसर्गांचे चल ठेवून इतर काढून टाकते. प्रत्येक मागणीस नवी प्रक्रिया लागत असल्याने सीजीआयचा वापर पुढे कमी झाला. पायथन भाषेच्या ३.१३ या आवृत्तीतून (२०२४) त्याचा विभागही वगळला गेला. तथापि फास्टसीजीआय व पायथनमधील डब्ल्यूएसजीआय या पद्धतींत हीच चलनामे टिकून आहेत आणि त्यांतील मूल्ये पारखून घेण्याची जबाबदारीही कायम आहे.