ध्वनिमापक निवडताना

ताप पाहायला थर्मामीटर हवा आणि धान्य तोलायला काटा हवा, हे कोणालाही पटते. गोंगाटाच्या बाबतीत मात्र आपण नुसत्या कानावर भागवतो. ‘फार आवाज होतो हो!’ अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ‘फार म्हणजे किती?’ असे विचारले की तो निरुत्तर होतो. आपला वाचनकक्ष रस्त्याच्या बाजूला आहे. तेथे बसणाऱ्यांना या प्रश्नाची निकड वेगळी सांगायला नको. म्हणूनच परिसरातील आवाजाची पाहणी करण्यासाठी हातात धरता येईल असा ध्वनिमापक घ्यावा, असे आमच्या गटाने ठरवले आणि तो शोधण्याचे काम माझ्याकडे आले. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही थोड्याशा खटपटीनंतर जे उमगले, ते माझ्यासारख्याच वाचकांसाठी येथे मांडत आहे.

प्रथम डेसिबलविषयी. हे माप मीटर किंवा किलोप्रमाणे सरळ चढत नाही. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की आकडा अवघा ३ ने वाढतो. एका कर्ण्याचा आवाज ६० डेसिबल भरत असेल आणि शेजारी तसाच दुसरा लावला, तर आकडा १२० होत नाही, ६३ होतो. आकडा १० ने वाढला म्हणजे ऊर्जा दहापट झाली. कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. तेव्हा यंत्र तीन डेसिबलने चुकले, तर ती चूक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

म्हणून पहिली चौकशी करायची ती यंत्राच्या वर्गाची. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६१६७२ क्रमांकाच्या मानकात ध्वनिमापकांचे दोन वर्ग केलेले आहेत. पहिला अधिक काटेकोर कामासाठी, दुसरा सर्वसाधारण पाहणीसाठी. पहिल्याची किंमत पुष्कळच जास्त. आपल्या कामाला दुसरा पुरेसा आहे. मात्र कित्येक स्वस्त यंत्रांवर वर्गाचा उल्लेखच नसतो. ‘अचूकता अमुक डेसिबल’ एवढेच छापलेले असते. ती कोणत्या स्वराला, हे कळत नाही. असे यंत्र मी यादीतून वगळले.

दुसरी गोष्ट ‘ए’ आणि ‘सी’ या दोन मापनपद्धतींची. आपला कान खर्जातील आवाज मंद ऐकतो. त्याची नक्कल करण्यासाठी ‘ए’ पद्धतीत यंत्र खालच्या स्वरांना कात्री लावते. ‘सी’ पद्धतीत ही कात्री फारच थोडी लागते. १०० हर्ट्झचा ९० डेसिबलचा घुमारा ‘ए’ वर सुमारे ७१ दिसतो, ‘सी’ वर जवळजवळ ९० च राहतो. मिरवणुकीतील ध्वनिभिंतीपुढे छातीत धडधडते आणि खिडकीची तावदाने थरथरतात, तरी आकडा त्या मानाने लहान का दिसतो, याचे एक कारण येथे सापडते. कायद्यातील मर्यादा ‘ए’ पद्धतीत आहेत, म्हणून ती हवीच. परंतु दोन्ही सोयी असलेले यंत्र घेतल्यास दोन आकड्यांतील अंतरावरून खर्ज किती आहे हेही समजते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्रावरचा आकडा क्षणोक्षणी नाचत असतो. त्यातला कोणता लिहून घ्यायचा? हॉर्न वाजला तेव्हाचा घेतला तर आपण वाढवून सांगितले असे होते. शांत क्षणाचा घेतला तर समोरच्याचे फावते. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५, आणि शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशा मर्यादा घातल्या. त्या ठरावीक काळातील ऊर्जेच्या सरासरीच्या आहेत. या सरासरीला ‘एल-इक्यू’ म्हणतात. समजा, तासातील ५९ मिनिटे ५० डेसिबल आणि एकच मिनिट ८० डेसिबल आवाज झाला. साधी सरासरी काढली तर साडेपन्नास येते. ‘एल-इक्यू’ मात्र सुमारे साडेबासष्ट भरतो. ही सरासरी स्वतः काढणारे यंत्र थोडे महाग पडते, पण ज्यात ही सोय नाही त्याच्या आकड्याची नियमांशी नीट तुलनाच होऊ शकत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे पडताळणी. ध्वनिमापकाबरोबर एक छोटे उपकरण मिळते; ते मायक्रोफोनवर बसवले की १००० हर्ट्झचा, बहुधा ९४ डेसिबलचा, ठाम स्वर देते. पाहणीच्या आधी व नंतर यंत्र तोच आकडा दाखवते का, हे पाहायचे. शिवाय वाऱ्याची फडफड आवाजात मिसळू नये म्हणून मायक्रोफोनवर स्पंजाचे टोपण हवे.

‘मोबाइलवर हे फुकट होत असताना खर्च कशाला?’ असे काही मित्रांनी विचारले. मोबाइलचा मायक्रोफोन बोलणे टिपण्यासाठी केलेला असतो. अंदाज घेण्यापुरता तो ठीक आहे. पण एकाच जागी दोन मोबाइल दोन आकडे दाखवू लागले, तर खरा कोणता हे कोण ठरवणार?

माझी शिफारस अशी: दुसऱ्या वर्गाचे, ‘ए’ व ‘सी’ या दोन्ही पद्धतींचे, ‘एल-इक्यू’ देणारे यंत्र आणि सोबत पडताळणीचे उपकरण. पैसे कमी पडले तर आकडे साठवण्याची सोय आणि झगमगता पडदा सोडून द्यावा. या चारांतले काही सोडू नये. मोजताना यंत्र भिंतीपासून आणि आपल्या अंगापासून दूर, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दीड मीटर उंचीवर धरावे, आणि प्रत्येक आकड्यापुढे जागा, वेळ व आवाजाचे कारण वहीत नोंदवावे.

एवढा काटेकोरपणा अशासाठी, की गोंगाट करणारा आपली तक्रार खोडू पाहतो तेव्हा तो प्रथम यंत्रावरच बोट ठेवतो. तेथे आपण पक्के असलो तर पुढचे बोलणे गोंगाटाविषयी होईल. आणि वाचनकक्षातील विद्यार्थ्याला हवे आहे ते तेच.