दोषांची वही कोण वाचतो?

कारखान्यात नवी व्यवस्थापनपद्धत बहुधा तीन वाटांनी येते. गिऱ्हाइकाने अट घातली म्हणून, शेजाऱ्याने केले म्हणून, किंवा आपले पैसे कुठे गळतात हे मालकाला दिसले म्हणून. १९८७मध्ये गुणवत्ता-व्यवस्थापनाची आयएसओ ९००० मानके आली आणि पहिली वाट रुंद झाली. अनेकांनी प्रमाणपत्रापुरत्या फायली रंगवल्या. काम जुन्याच चालीने चालू राहिले. तिसरी वाट लांबची. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९५०मध्ये जपानी उद्योजकांना याच वाटेवरचे संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण शिकवले. त्यांच्या नावाचे पारितोषिक भारतीय कंपनीला, चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला, मिळायला १९९८ उजाडले.

मालकाला गळती दिसत का नाही? या प्रश्नाचा नीट छडा लागला तो मुंबईबाहेरच्या तारापूर-उंबरगाव पट्ट्यात. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००८पासून तिथल्या १७ कापड कंपन्यांवर प्रयोग केला. काही कारखान्यांत सल्लागारांनी महिनाभर पाहणी करून पुढे चार महिने ३८ पद्धती बसवून दिल्या, त्याही फुकट. उरलेल्यांत फक्त पाहणी झाली.

पद्धती साध्याच होत्या. माग बंद पडण्याआधी त्याची देखभाल करायची, सुताच्या साठ्यावर चिठ्ठी लावायची, कापडातल्या दोषांची रोज नोंद ठेवून त्यावर रोज बोलायचे. आधी सूत जागा मिळेल तिथे रचलेले असे. दोष मेंडिंगवाले हाताने दुरुस्त करत. तोच दोष पुन्हा का येतो, हे शोधायची रीत नव्हती. मालकांचे म्हणणे सरळ होते: आमचा माल आजूबाजूच्यांइतकाच चांगला आहे, धंदा नफ्यात आहे, मग हा खटाटोप कशाला?

यात आळस कमी आणि तोकडी माहिती जास्त होती. आजूबाजूचा मालही तितकाच सदोष असल्याने तुलनेत कोणी उघडा पडत नसे. स्पर्धेचाही चाप बसत नव्हता. घराबाहेरच्या माणसावर कारभार सोपवायला मालक धजत नसत, त्यामुळे घरात कर्ते पुरुष जितके, धंद्याचा पसारा साधारण तितकाच. चांगली चालणारी कंपनीही दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढण्याइतकी मोठी होत नसे.

पद्धती बसवल्या तिथे पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. संशोधक २०१७मध्ये पुन्हा गेले, तेव्हा बसवलेल्यांपैकी जवळपास निम्म्या पद्धती बंद पडल्या होत्या. तरीही हे कारखाने नुसती पाहणी झालेल्यांपेक्षा बरेच पुढे होते. कंपनीच्या इतर कारखान्यांतही बऱ्याच पद्धती पोहोचल्या होत्या. दुसऱ्या कंपन्यांत मात्र फारशा नाहीत. पद्धती का सुटल्या, याची दोन कारणे वारंवार सांगितली गेली: व्यवस्थापक सोडून गेला आणि मालकाला वेळ मिळेना.

म्हणजे फायदा आकड्यांत दिसूनही पद्धत आपोआप टिकत नाही. ती एखाद्या माणसाच्या रोजच्या लक्षावर जगते. सल्लागाराची फी ठरवण्याआधी मालकाने एवढे ठरवावे: हा व्यवस्थापक उद्या गेला, तर दोषांची वही रोज कोण वाचणार?